ड्रोन उतरवणारे झाडेभाऊ

झाडेभाऊ ड्रोन उडवतात कमी आणि उतरवतात जास्त, असं हिंगणघाटात लोक चेष्टेनं म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत. झाडेभाऊ मान हलवत, 'बरोबर आहे' म्हणत आणि हातातलं काम पुढं चालू ठेवत. वणा नदीच्या त्या पुरानंतर मात्र हेच वाक्य लोक वेगळ्या आवाजात म्हणू लागले आणि झाडेभाऊ तेव्हाही 'बरोबर आहे' एवढंच म्हणाले.

त्यांचं नाव दिनकर झाडे. कापसाच्या जिनिंगकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम लावायला आणि व्हिडिओ जोडायला म्हणून मी तिथं नोकरीला लागले ती तिथलीच होऊन गेले. ते ड्रोन उडवत तेव्हा माझं काम फक्त वर बघण्याचं. उडवणाऱ्याची नजर सारखी हातातल्या पडद्यावर जाते, म्हणून दुसऱ्या माणसानं सगळा वेळ आभाळातल्या ड्रोनवर डोळा ठेवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

"वैशाली, तू वरतं पाह्य," ते म्हणत. "घार आली, तार आली, पतंग आला, सांगजो. मले आवडन का नाई आवडन याचा इचार करू नोको. सांगजो."

अंगानं उंच, किरकोळ, खांद्यात थोडे वाकलेले. बारा महिने पांढरा हाफ शर्ट. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कापसाचा एक पुंजका असायचा. उडवायच्या जागी पोचलो की गाडीतून उतरून आधी ते त्यातला चिमूटभर कापूस डोक्याच्या वर धरून सोडून देत. कापूस सरळ पायाशी आला तर ड्रोनची पेटी उघडत. तिरपा गेला तर एखादी खुर्ची मागून बसून राहत. भिरभिरत दूर गेला तर पेटीला हातही लावत नसत. फोनवर वाऱ्याचा वेग दिसतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तोही बघत. "पण फोन सगळ्या तालुक्याची हवा सांगते," ते म्हणत, "मले या झाडाखालची पाह्यजे."

ड्रोन घेतला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गावातल्या दोघातिघांनी त्याआधीच घेतला होता आणि घेतला त्याच दिवशी उडवलाही होता. झाडेभाऊंनी खोका कपाटात ठेवला आणि आधी प्रशिक्षणाला बाहेरगावी गेले. तिथं विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसले, परीक्षा दिली, पायलटचं प्रमाणपत्र घेऊन आले. मग सरकारी संकेतस्थळावर ड्रोनची नोंदणी केली, त्याचा नंबर आला तो मोटारसायकलच्या नंबरासारखा ड्रोनच्या पोटाला चिकटवला, विमा उतरवला आणि मगच खोका उघडला. तोवर लग्नाचा एक हंगाम निघून गेला होता. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टुडिओत डबा घेऊन आल्या की हसत सांगायच्या, "अवं, घरातला पंखा लावाच्या आधीबी खाली कोण बसलं ते पाह्यते हा माणूस."

गिऱ्हाईक तारीख ठरवायला आलं की ते पहिल्यांदा फोनवर सरकारी नकाशा उघडत. जागा हिरव्यात आहे की पिवळ्यात की लाल भागात, ते गिऱ्हाइकालाच दाखवत. हिरव्यात असली तर चारशे फुटांपर्यंत जाता येईल, तेवढं उंच जायची गरज मात्र पडणार नाही, असं सांगत. पिवळ्यात असली तर परवानगीला किती वेळ लागेल ते सांगत. लाल दिसली की फोन बंद करून खिशात टाकत. बोर धरणापाशी लग्नाआधीचे फोटो काढायचे म्हणून एकदा हिंगणीचं एक जोडपं आलं होतं. पाणी, जंगल, वरून घेतलेलं दृश्य, सगळं त्यांच्या मनात ठरलेलं. झाडेभाऊंनी जंगलखात्याच्या हद्दीत ड्रोन न्यायला साफ नकार दिला. पोरगा हिरमुसला. "तिथं बाकीचे उडवतात की," म्हणाला. झाडेभाऊ म्हणाले, "त्या जंगलात राह्यणाऱ्याईले कोणी इचारलं नाई." मग साध्या कॅमेऱ्यानं, शेताच्या बांधावर, तुरीच्या पिवळ्या फुलांत त्यांनी त्या दोघांचे फोटो काढले. चांगले आले होते. पण त्या जोडप्यानं अल्बम उचलताना तोंड वाकडं केलं ते केलंच.

नालवाडीच्या लग्नाची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि ऐकणाऱ्याला दर वेळी तिचा शेवट वेगळाच हवा असतो.

नवरदेवाचे मामा मोठे उत्साही. वरात कार्यालयापाशी आली की ड्रोन बरोबर नवरदेवाच्या डोक्यावर यावा आणि त्यातून गुलाबाच्या पाकळ्या पडाव्यात, अशी त्यांची हौस.

झाडेभाऊ म्हणाले, "बाजूच्या मोकळ्या प्लॉटवरून घेतो, मामा. सगळी वरात दिसन, घोडा दिसन. डोक्शावरून नाई नेत."

"काऊन? परवानगी पाह्यजे का? ठाणेदार वळखीचे आहे आपल्या."

"ठाणेदारानं हो म्हटलं तरी पंखा तुटाचा तं तुटतेच ना."

मामांनी तिथल्या तिथं फोन लावून वर्ध्याच्या एका पोराला बोलावून घेतलं. तो आला, ड्रोन वरातीवर नेला, पाकळ्या पडल्या, बायापोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळं अगदी देखणं झालं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. झाडेभाऊ प्लॉटच्या कडेला हाताची घडी घालून ते बघत होते आणि ते ड्रोनकडं बघत नव्हते, खालच्या माणसांकडं बघत होते, हे माझ्या लक्षात आलं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "पाह्यलं ना भाऊ, काहीच झालं नाई."

"नाई झालं. बरं झालं."

"आपलं गिऱ्हाईक मात्र गेलं."

"ते बी झालं." गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. मग म्हणाले, "मामानं मले हो म्हटलं. पण तो डफडं वाजवणारा, थे लेकरू कडेवर घेतलेली बाई, त्याईले कोणी इचारलं का, तुमच्या डोक्शावरून नेऊ का म्हणून? मामाचं डोक्सं वेगळं, त्याईचं वेगळं."

एवढंच. त्यांनी त्या पोराला नावं ठेवली नाहीत. उलट तो पुढं कधी स्टुडिओत आला तर त्याच्या ड्रोनचे पंखे बोटानं चाचपून, "हा बदलून टाक, बारीक चीर गेली," असं सांगत.

आणखी एक प्रसंग आहे, तो मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. हिंगणघाटातल्याच एका वरातीचा व्हिडिओ मी जोडत होते. ड्रोन मोकळ्या मैदानावरून सावकाश वर चढतो, वरात दिसते, मग कॅमेरा हळूच वळतो आणि मागची घरं दिसतात, असं ते दृश्य. मागच्या एका गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक बाई बसली होती. घरातलीच साधी साडी, तोंडाला पदर लावलेला, खांदे हलत होते. खाली बँड दणदणत असणार. चित्राला आवाज नव्हता. तिनं एकदम मान वर केली. थेट आमच्याकडं बघितलं, घाईघाईनं तोंड पुसलं आणि टाकीच्या मागं सरकली.

झाडेभाऊ माझ्या पाठीशी उभे होते. "थांबव," म्हणाले.

"एवढं कापून टाकते."

"कापू नोको. पुसून टाक. मूळ बी पुस."

"मूळ पुसलं तं वरातीचा तेवढा तुकडाच जाईन, भाऊ. घोडा नाचतो तोच नेमका आहे."

"जाऊ दे."

गिऱ्हाइकानं घोड्याच्या नाचावरून बरीच कटकट केली. झाडेभाऊंनी 'आमच्याकडून राह्यलं' म्हणून ऐकून घेतलं, कारण सांगितलं नाही. ती बाई कोणत्या घरातली ते मला समजलं होतं. तिला जाऊन सांगावं का, असं मी विचारलं. ते लेन्स पुसत होते. "काय सांगशीन? आम्ही तुले रडतानी पाह्यलं म्हणून? तिले एकटीले बसाचं होतं, तिथं आपण गेलो. आता सांगाले जाणं म्हणजे आणखी एकडाव जाणं."

त्यानंतर त्यांनी एक नवं काम अंगावर घेतलं. वस्तीत कुठं ड्रोन उडवायचा असला की आदल्या संध्याकाळी ते पायी त्या गल्लीतून फिरत आणि घराघरांत सांगत, "उद्या सकाळी इथं ड्रोन उडन. अर्धा तास लागन. गच्चीवर कोणी येत असन तं ध्यानात ठेवजा." लोक हसत. एक म्हातारी त्यांना दर वेळी विचारायची, "कोन्या पक्षाचा रे तू?" झाडेभाऊ तिला दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगत.

मग तो पूर आला.

वणा आम्हा हिंगणघाटच्या लोकांना नवी नाही. तिचं पाणी कुठवर येतं, हे ज्याच्या त्याच्या मनात ठरलेलं असतं. त्या वर्षी ते सगळं मोडलं. नदीच्या वळणावर भोयर भावांचं वावर होतं. थोरला सुधाकर आणि धाकटा रमेश. वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं लावायचे आणि बाजारात स्वतः बसून विकायचे. आदल्या दिवशी पाणी चढायला लागलं तेव्हा रमेश आणि त्याची बायको मंदा वावरात होते. सकाळी सुधाकर काठावर आला तेव्हा वावर नव्हतंच, नुसतं पाणी होतं. होडी घालावी असा प्रवाहच नव्हता.

तहसीलमधून झाडेभाऊंना फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण आभाळ डोक्यावर टेकल्यासारखं होतं. पुलाच्या अलीकडं उंचवट्यावर तलाठी, पोलीस, नायब तहसीलदार आणि गावातली बरीच माणसं. झाडेभाऊंनी कापूस सोडला. तो तिरपा गेला. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "आज एवढ्या हवेत उडवावं लागन," आणि पेटी उघडली.

पहिल्याच फेरीत मंदा सापडली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या टिनाच्या छतावर ती उकिडवी बसली होती. चारी बाजूंनी लाल पाणी. ड्रोन दिसताच तिनं उभं राहून पदर हलवला. सुधाकर पडद्यावर वाकून बघत होता, तो मटकन खालीच बसला आणि लगेच उठला. "रमेश? रमेश कुठी आहे?" छतावर ती एकटीच होती. तिनं हातानं प्रवाहाच्या खालच्या बाजूला दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं.

नायब तहसीलदार साहेबांनी वर कळवलं. नागपूरहून हेलिकॉप्टर येईल असा निरोप आला. कधी येईल ते नक्की कोणी सांगत नव्हतं. तोवर झाडेभाऊंनी बॅटऱ्या बदलून नदीच्या खालच्या अंगाला बघायला सुरुवात केली. सुधाकर त्यांच्या खांद्याला चिकटून उभा. "त्याच्या अंगात निळा शर्ट होता. बैलं सोडाले गेला असन तो. निळा शर्ट पाह्यजा भाऊ."

दुसऱ्यांदा बॅटरी बदलून ड्रोन वळणावर गेला. तिथं बाभळीच्या शेंड्यांची रांग पाण्यावर आलेली होती. मी वर बघत होते, त्यामुळं पडद्यावर काय दिसलं ते मला नंतर कळलं. मी फक्त सुधाकरचा आवाज ऐकला.

"थे! थे पाहा! निळं आहे! भाऊ, खाली घ्या, खाली घ्या!"

आणि त्याच वेळी झाडेभाऊंनी मान उचलली. पडद्यावरून नजर काढून त्यांनी उत्तरेकडं कान दिला. मला काही ऐकू आलं नव्हतं. कोणालाच आलं नव्हतं.

"हेलिकॉप्टर आलं," ते म्हणाले. "मी उतरवतो."

"अजून दिसत नाही ते," साहेब म्हणाले. "बघून घ्या एकदा. वेळ आहे."

"नाई साहेब. थे येते तेव्हा आभाळ त्याचं असते."

सुधाकरनं त्यांचा दंड धरला. "पाच मिनिटं! भाऊ, पाया पडतो तुमच्या! फक्त खाली न्या, मले त्याचं तोंड पाहू द्या!"

झाडेभाऊंनी दंड सोडवून घेतला नाही. सुधाकर हलवत होता आणि ते तसेच, दोन्ही हात शक्य तितके स्थिर ठेवून ड्रोन परत आणत होते. मला म्हणाले, "वैशाली, वरतं पाह्य." मी बघत राहिले. ड्रोन पुलाच्या अलीकडं आला, खाली उतरला. त्यांनी गुडघ्यावर बसून बॅटरी काढली, ड्रोन पेटीत ठेवला, पेटी बंद केली. तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. ढगाच्या खालून, फार खालून, हेलिकॉप्टर आलं.

झाडेभाऊ साहेबांपाशी जाऊन वळणाची जागा सांगत होते. बाभळीच्या रांगेचं तिसरं-चौथं झाड, पाण्याच्या अंगाला, निळं काहीतरी. साहेबांनी ते वायरलेसवर कळवलं. वरून दोर सुटला, एक माणूस उतरला, मंदाला कमरेला बांधून वर घेतलं. मग हेलिकॉप्टर वळणावर गेलं. दोन घिरट्या घातल्या. बाभळी आता आणखी बुडाल्या होत्या. काही दिसलं नाही.

सुधाकर झाडेभाऊंपुढं येऊन उभा राहिला. रडत नव्हता. "तुह्या नियमानं माह्या भाऊ मारला," म्हणाला.

पाणी ओसरल्यावर रमेश खूप खाली, एका बंधाऱ्यापाशी सापडला. शर्ट अंगावर होता. बाभळीपाशी जे दिसलं ते तोच होता का, तेव्हा त्याच्यात जीव होता का, हे कोणाला कधी कळणार नव्हतं.

गावानं मात्र आपलं ठरवून टाकलं. भाजीबाजारात वहिनींना ऐकवलं जाऊ लागलं. ठरलेल्या तारखा लोकांनी रद्द केल्या. मंदा जिवंत आली ती कोणाच्या ड्रोनमुळं, हे बोलायला कोणी तयार नव्हतं आणि झाडेभाऊंनीही ते एकदाही तोंडातून काढलं नाही. मी चिडून म्हटलं, "तुम्ही सांगा ना लोकाईले, हेलिकॉप्टरले ड्रोन लागला असता तं काय झालं असतं ते." ते म्हणाले, "ज्याच्या घरचा गेला त्याले हिशेब समजावून सांगू नाई."

रमेशची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकर स्टुडिओत आला. डोकं भादरलेलं. मी उठून उभी राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. तो म्हणाला, "मले थे पाह्याचं आहे."

झाडेभाऊंनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. "सारं पाह्यता का तेवढंच?"

"सारं."

त्यांनी स्वतः लावून दिलं. पाणी, पाणी, मग टिनाचं छत, मंदा, तिचा पदर. मग वळण आलं. बाभळीचे शेंडे आले आणि एका शेंड्याशी अडकलेलं, पाण्याबरोबर वरखाली होणारं काहीतरी निळं. झाडेभाऊंनी चित्र थांबवलं. सुधाकर म्हणाला, मोठं करा. त्यांनी मोठं केलं. निळ्याचे चौकोन चौकोन झाले.

"काय आहे हे?"

"माहीत नाई."

"शर्टच आहे ना?"

माझ्या ओठांवर शब्द आले होते. भाजी झाकायच्या निळ्या ताडपत्र्या त्या काठावरच्या वावरावावरांत होत्या. पुरानंतर कितीतरी बाभळींवर त्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. ताडपत्री आहे म्हटलं असतं तर तो माणूस मोकळा होऊन घरी गेला असता. मी म्हटलंच, "भाऊ, ताडपत्री..."

झाडेभाऊंनी हात वर करून मला थांबवलं. "ताडपत्री असू शकते. शर्ट बी असू शकते. मले समजलं नाई, सुधाकरभाऊ. मले जे माहीत नाई थे मी तुमाले कसं सांगू?"

"आणखी खाली नेलं असतं तं समजलं असतं."

"समजलं असतं."

"मंग काऊन नाई नेलं?"

"त्या हेलिकॉप्टरमधी माणसं होती. छतावर मंदा होती." झाडेभाऊ म्हणाले. "ढग एवढे खाली होते, थे कोणत्या उंचीनं येईन माहीत नोतं. माह्यामुळं थे परत फिरलं असतं, नाई तं... नाई तं पडलं असतं."

सुधाकर पडद्यावरच्या निळ्या चौकोनांकडं बघत होता. त्यानं विचारलं, "तुमचा भाऊ असता तं?"

"उतरवलंच असतं," ते म्हणाले.

"अन् मंग?"

"मंग तुमच्यासारखाच कोणाच्या तरी दारात येऊन बसलो असतो."

चहा आला होता, तो तसाच राहिला. उठताना सुधाकर म्हणाला, "हे पुसजा नोको."

"नाई पुसत."

दारापर्यंत झाडेभाऊ त्याच्याबरोबर गेले. परत येऊन बसले आणि त्या दिवशी दुसरं कोणतंच काम त्यांनी केलं नाही. वहिनींनी मला नंतर सांगितलं की हा माणूस जेवता जेवता मध्येच थांबतो आणि म्हणतो, कदाचित वेळ होता. मग स्वतःच म्हणतो, नव्हता. मग पुन्हा जेवू लागतो. नियम पाळणाऱ्या माणसाला नियम बळ देतो, असं मला तोवर वाटत असे. झाडेभाऊंकडं बघून कळलं की तो फक्त काय करायचं ते सांगतो. केल्यानंतरचं ज्याचं त्याला वाहावं लागतं.

दोन हंगाम गेले. लोक विसरले म्हणायचं की थकले म्हणायचं, पण कामं पुन्हा येऊ लागली. एकदा आम्ही कापसाच्या एका मोठ्या शेताचं मोजमाप घ्यायला गेलो होतो. ड्रोन वर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुठी आहे?" मी म्हटलं, निंबाच्या वर. थोड्या वेळानं पुन्हा, "कुठी आहे?" मग त्यांनी काम अर्धं टाकून ड्रोन उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता म्हणाले, "काल मले ड्रोन दिसला नाई. पडद्यावर चित्र दिसे. आभाळात नाई दिसला."

साखरेच्या आजारानं डोळ्यांचे मागचे पडदे खराब झाले होते. जवळचं, दहावीस पावलांवरचं नीट दिसे, लांबचं पुसट. हातातल्या पडद्यावर सगळंच दिसत होतं. ते उडवत राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी वर बघायला होतेच. तसं मी म्हणूनही पाहिलं. "तुहे डोळे तुहे," ते म्हणाले. "माह्या ड्रोन मले दिसला पाह्यजे." त्या दिवसापासून त्यांनी ड्रोनला हात लावला नाही. मला प्रशिक्षणाला पाठवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करून पावसाळी हवेचे प्रश्न विचारले आणि मी पास होऊन आले तेव्हा पेढा न देता पेटीची किल्ली दिली.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या आत, झाडेभाऊ गेले. जास्त दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. दवाखान्यात मी गेले होते, पण तिथले नळ्यांतले झाडेभाऊ माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. येतात ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातले.

सुधाकर भोयर पत्रिका घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, "पोरीचं लग्न आहे. फोटो तुम्हीच काढजा." मग थोडं थांबून, "ड्रोन नोको."

"बरं," झाडेभाऊ म्हणाले.

लग्न त्यांच्या घरापुढच्या अंगणातच होतं. हिरवं कापड टाकलेला मांडव, त्यातून गाळून आलेला उजेड. लग्न लागलं, जेवणं झाली आणि घरच्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली. नवरा-नवरी मधल्या खुर्च्यांवर. एका बाजूला जावयाकडची माणसं. दुसऱ्या बाजूला सुधाकरची बायको, मग सुधाकर. मंदाला आतून बोलावून आणलं. ती हात पुसत आली, डोक्यावरून पदर घेतला आणि रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली. जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणून सुधाकरपासून अंतर ठेवून. दोघांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी सुटली.

फोटोत अशी फट दिसली की वाईट दिसतं. ती बुजवणं माझं काम. मी पुढं झाले, मंदाच्या कोपराला हात लावला आणि म्हटलं, "वहिनी, जराशा जवळ सरका."

मागून झाडेभाऊंचा आवाज आला. "राहू दे, वैशाली."

मी वळून बघितलं. ते कॅमेऱ्यामागं वाकलेले होते, एक डोळा मिटलेला. सुधाकरनंही ते ऐकलं. त्यानं आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं, रमेश उभा राहिला असता तिथं, एकदा बघितलं आणि मग कॅमेऱ्याकडं. तो सरकला नाही. मंदाही सरकली नाही.

मी बाजूला झाले. झाडेभाऊंनी बराच वेळ बटण दाबलं नाही, आणि तितका वेळ सगळे तसेच उभे राहिले.